रंग ॲनिमोनीचा की दिव्याचा?

समुद्री टाकीतल्या ॲनिमोनीचा रंग फिका वाटला की हात आधी लाईटच्या बटणाकडे जातो. निळा वाढवला की टाकी झळाळते आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण प्रकाश म्हणजे रंगाचा डबा नव्हे. आपल्याला दिसणाऱ्या रंगात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय लाईटला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

बबल टिप ॲनिमोनीचंच बघा. पहिला रंग तपकिरी, तिच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला बराच वाटा तिला मिळतो. दुसरा रंग तिचा स्वतःचा, प्रकाश शोषून वेगळ्या रंगात परत फेकणाऱ्या प्रथिनांचा. याच जातीत सापडलेलं एक लाल प्रथिन शास्त्रज्ञांनी २००२ साली जगापुढे मांडलं. ते ५५९ नॅनोमीटरचा प्रकाश सर्वाधिक शोषतं आणि ६११ च्या आसपास लाल चमकतं. तिसरा रंग निव्वळ दिव्याचा. निळ्या उजेडात हिरवी प्रथिनं पेटल्यासारखी दिसतात. पांढरा लाईट लावला की तीच झळाळी ओसरते, शुंडकांचे देठ तपकिरी दिसतात आणि फुगीर टोकांवर गुलाबी छटा उरते. एवढ्या क्षणात प्राण्यात काहीच बदललेलं नसतं.

यावर कुणी म्हणेल, निळ्या प्रकाशाने रंग खरोखरच वाढतो. त्यात तथ्य आहे. निळ्या प्रकाशात अशी प्रथिनं जास्त तयार होतात, हे प्रवाळांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्र तो बदल हळूहळू होतो, बटण दाबल्यासरशी नाही. दुसरा आक्षेप जास्त धोक्याचा: प्रकाश जितका जास्त, तितका रंग खुलतो. खुलल्यासारखा दिसतो, हे खरं. पण अति प्रकाशात शैवालाच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपं साचतात आणि ॲनिमोनी ते शैवाल बाहेर टाकू लागते. तपकिरी रंग विरळ झाला की गुलाबी किंवा हिरवा उठून दिसतो. आपण ज्याचं कौतुक करतो, ती उपासमारीची सुरुवात असू शकते. त्यात आपला डोळाही फसवतो. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड माणसाला मंद वाटतो, शैवालाला मात्र तो भरपूर असतो. त्यामुळे टाकी अंधारी दिसते म्हणून लाईट वाढवणं चूक आहे. डोळ्यापेक्षा शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणाऱ्या पार मीटरवर भरवसा ठेवावा आणि वाढवायचाच असेल तर दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा.

मग टाकी निळ्या उजेडात बघायचीच नाही का? जरूर बघावी, ते सौंदर्य खोटं नाही. पण तब्येतीचा निवाडा पांढऱ्या उजेडात करावा. तिथे तपकिरी छटा टिकून असेल, तोंड घट्ट मिटलेलं असेल आणि पाय दगडाला पक्का धरून असेल, तर रंग थोडा मातकट दिसला तरी ॲनिमोनी ठणठणीत समजावी. पांढरीफटक किंवा काचेसारखी आरपार दिसणारी ॲनिमोनी कितीही मोहक वाटली, तरी तिच्यातलं शैवाल गेलेलं असतं. म्हणून दुकानात ॲनिमोनी पसंत पडली की पैसे देण्याआधी एवढंच सांगा: निळा बंद करा, पांढरा लावा.