भाकरीला माफी नाही

शेंद्रा

प्रिय छोटी,

तुझे रिपोर्ट पाहिले. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह, आणि एचबीए१सीसुद्धा वाढलेलं. पाठीचा वारसा माझ्यासारखाच तुलाही मिळाला, आणि साखर तर आपल्या घरात आजीपासून आहे. ‘स्टार्च सोडलं की पाठही सुटते आणि साखरही उतरते’ असं कुणीतरी तुला सांगितलंय आणि येत्या सोमवारपासून तू भाकरी बंद करणार, हे कळल्यावर म्हटलं, फोनवर घाईत बोलण्यापेक्षा लिहूनच पाठवावं. भाकरी कमी कर, मीही केली आहे. पण ताट एक असलं तरी हिशेब दोन आहेत, आणि ते दोन वेगळ्या वह्यांत लिहायचे.

साखरेची वही सोपी. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. पोटात त्या तुटतात आणि रक्तात उतरतं ते ग्लुकोजच. आपल्या मराठवाड्यात भात-चपातीला दोषी धरून ज्वारीला माफी दिलेली असते. ज्वारीत चोथा आहे, हे मान्य. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास गव्हाइतकीच. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. पटत नसेल तर जेवल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटर लाव. एक दिवस दोन भाकरी, एक दिवस अर्धी. उत्तर त्याच दिवशी मिळतं.

पाठीची वही इतकी स्वच्छ नाही. बी२७ (पेशींवरचं एक आनुवंशिक प्रथिन) आणि आपला आजार, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, यांचा संबंध १९७३मध्ये उघड झाला. बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, म्हणून आणखी काय लागतं याचा शोध सुरू झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले ॲलन एब्रिंजर यांनी आतड्यातल्या क्लेबसिएला या जिवाणूवर बोट ठेवलं. त्याची काही प्रथिनं बी२७सारखी दिसतात. शरीर जिवाणूवर हल्ला चढवतं आणि मार आपल्याच सांध्यांना बसतो, असं त्यांचं म्हणणं. न पचता मोठ्या आतड्यात पोचलेलं स्टार्च हे या जिवाणूचं खाद्य, म्हणून स्टार्च कमी करा. १९९६मध्ये त्यांनी असा आहार घेणाऱ्या रुग्णांचा ईएसआर (सूज दाखवणारी रक्तचाचणी) उतरल्याचं मांडलं. पण मोठ्या तुलनात्मक चाचणीने ते सिद्ध झालेलं नाही, आणि या आजाराच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत हा आहार नाही. त्यात आपलं दुखणं भरती-ओहोटीचं. चांगला महिना आला की श्रेय ताटाला द्यावंसं वाटतं. माझी पाठ हल्ली सकाळी लवकर मोकळी होते, पण त्यात गोळ्यांचा वाटा किती, रोजच्या व्यायामाचा किती आणि अर्ध्या भाकरीचा किती, हे मी छातीठोक सांगणार नाही.

आणि दोन्ही वह्या एकमेकींशी जुळतीलच असंही नाही. एब्रिंजरना वैर फक्त स्टार्चशी. फळं, मध, अगदी साखरसुद्धा त्यांच्या आहारात चालते. आपल्याला नाही. म्हणजे दोन्हीकडे चालेल ते ताट आणखी लहान: अंडी, मासे, मटण, पनीर, दही-ताक, मेथी, शेपू, दोडका, दाण्याचा कूट घातलेली भरली वांगी. आंबाडी कर, पण कण्या न घालता. डाळीतही निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात, त्यामुळे पिठलं भाजीत धरू नकोस. बांधणी हिंगातही बहुतेक वेळा मैदा असतो. सुटं पनीर घेतलंस तर उकळून गार कर आणि आयोडीनचा थेंब टाक. निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च मिसळलंय. शाळेतला प्रयोग असा कामी येतो.

उपवासाचं तर विचारूच नकोस. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, सोबत बटाटा आणि भगर. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण स्टार्चला चपखल बसते.

इथल्या कंपनीच्या कँटीनमध्ये ताट भरतं ते भात, वरण, चपाती आणि बटाट्याच्या भाजीनं. मी डब्यात उकडलेली अंडी आणि भाजी नेतो. शिफ्टच्या बसमध्ये डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दिवसातून दोनदाच जेवायचा सल्ला अनेकांना पाठ आहे. तो मलाही मिळतो. त्यांचा मुख्य भर किती वेळा खायचं यावर, आपली अडचण ताटात काय ही. आणि ही अडचण पैशाचीही आहे. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतात; अंडी-पनीर विकत आणावं लागतं. ताटातलं धान्य काढलं की महिन्याचं बजेट हलतं, तेव्हा घरातल्यांशी आधी बोल. चैत्रात मात्र इकडे ये. शेंद्र्याच्या मांगीरबाबाच्या यात्रेत कंदुरीचं (नवसाच्या बोकडाचं) मटण आपल्या पथ्यात चोख बसतं, भाकरी तेवढी बाजूला सारायची.

आता खरी काळजीची गोष्ट. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम भाकरी तोडलीस तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोकं न चालणं. म्हणून सोमवारच्या आधी डॉक्टरांना गाठ. डोस कमी करायचा का, ते त्यांनी ठरवायचं. डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांग. त्या गोळीवर कर्बोदकं फार तोडली तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. साखर अशी फार खाली गेलीच तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घे, तिथे पथ्य नाही. दुखण्याच्या गोळ्या आणि मधुमेह दोन्ही मूत्रपिंडांवर भार टाकतात, म्हणून क्रिएटिनिन बघून घे. ते वाढलेलं असेल तर अंडी-मटणही मोजूनच. आणि बरं वाटायला लागलं म्हणून सांध्यांचं औषध स्वतःहून थांबवू नकोस. या आजारात मणके एकमेकांना जुळत जातात, तेव्हा ते कळवून जुळत नाहीत.

सुरू करण्याआधी सीआरपी, ईएसआर आणि एचबीए१सी करून घे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. साखर उतरली आणि पाठ तशीच राहिली, तरी आहार फुकट गेला म्हणू नकोस. एका आजारासाठी तो आपल्याला तसाही हवाच आहे. आकडे आले की कळव.

तुझा,
दादा