भोशाचा वड

सदलग्यात आत्याकडे जेवणं झाल्यावर आतेभावाने मोबाइलवर क्रीट बेटाची चित्रफीत लावली. व्हूव्हेस गावातल्या ऑलिव्हच्या एका जुनाट झाडाशेजारी तिथल्या लोकांनी चक्क संग्रहालय केलंय. आत्या म्हणाली, "तिकडं झाडाला म्युझियम करत्यात, आन् आपल्याकडं रस्त्याला आडवं आलं म्हणून तोडाय निघत्यात. भोशाचा वड इसरलास?"

विसरलो नव्हतो. सकाळीच निघालो. सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचं जन्मगाव, तेव्हा मंदिरात डोकावणं आलंच. दूधगंगेपलीकडे राज्य बदललं, ऊस तोच. नृसिंहवाडीच्या औदुंबराला लांबूनच हात जोडले. त्याची काळजी घ्यायला दत्तमहाराज समर्थ आहेत. मिरजेच्या लॉजवर गरम पाणी 'सहा ते सात' मिळणार होतं. सहाला नळ फुसफुसला, सातला गप्प झाला.

चहाला इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आले. बोलणं भोशाच्या वडावर आलं. 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी भोसे इथला यल्लम्मा देवळाजवळचा वड तोडायचं ठरलं, तेव्हा पर्यावरणप्रेमी उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरेंनी केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरींना साकडं घातलं आणि वड वाचला. सगळीकडे वडाच्या वयाचा एकच आकडा होता : चारशे वर्षं.

"कागद दाखवा," प्राध्यापक म्हणाले. "म्हसव्याचा वड बघा. वैराटगडाच्या पायथ्याचा. 1882 मध्ये ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने मोजला : घेर 1587 फूट, दक्षिणोत्तर 595, पूर्व-पश्चिम 442. याला नोंद म्हणतात!"

"ते माप झालं, वय कुठाय?"

वडाचं वय काढायचं तरी कसं? मूळ खोड कुजून पोकळ होतं, पारंब्या जमिनीत रुतून नवी खोडं होतात. वर्तुळं मोजायची कुठली? वारकरी त्याच्या सावलीत टेकले, त्याची पावती कुठल्या दप्तरात शोधायची? "म्हणून वाटेल तो आकडा लावायचा?" ते कडाडले. पण 'लई जुना हाय' एवढ्यावर दिल्लीत कुणाचे कान टवकारले असते? तो वड त्या आकड्यानेच वाचवला, खरा असो वा खोटा.

2021 मध्ये महाराष्ट्राने पन्नास वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेज वृक्ष ठरवलं, पण ती दुरुस्ती नागरी क्षेत्रांच्या कायद्यात झाली. म्हणजे गल्लीतला पन्नाशीचा गुलमोहर वारसा, आणि भोशाचा वड? कर्नाटकाने 2007 मध्येच देवनहळ्ळीजवळच्या नल्लूरची चिंचराई जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. आत्या कर्नाटकात राहते, हे मी प्राध्यापकांना मुद्दाम सांगितलं.

दुपारी पंढरपूरच्या वाटेने भोशाला गेलो. रस्त्याने जगू दिलेला वड 2022 च्या जूनमध्ये आपसूक कोसळला होता. अलीकडच्या एका गावात पारावरचा वड मात्र धडधाकट दिसला : बुंध्याला वटपौर्णिमेचे विटलेले दोरे, त्यांतून आरपार ठोकलेले फ्लेक्सचे खिळे, एका खिळ्याभोवती साल सुजून जवळजवळ मिटलेली. मी खिळा उपटायला गेलो, तर पारावरचे एक आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, इलेक्शनात परत ठोकत्यात."

रात्री प्राध्यापकांचा फोन आला. म्हसव्याला जायचं ठरलंय. त्यांना लांब टेप आणायला सांगितलंय, आणि लॉज मीच ठरवणार आहे.