तो काच

मराठीत 'ती काच' आणि 'तो काच' हे दोन शब्द केवळ लिंगाने वेगळे पडतात. ती काच खिडकीला बसवतात, तो काच अंगावर उमटतो. दोर, पट्टा, नाडा किंवा जू एकाच जागी पुन्हा पुन्हा घासल्याने कातडी आधी लाल होते, मग हुळहुळते आणि शेवटी सोलवटते; त्या घासण्यालाही काच म्हणतात आणि मागे राहिलेल्या खुणेलाही. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत चिखलणीच्या दिवसांत बैलाच्या मानेला जू काचते, आणि हाच शब्द जिथे दोर नाही, जू नाही, तिथेही लागू पडतो, कारण सासरच्या छळालाही मराठीने काचच म्हटले आहे. इंग्रजीत याच्या सर्वांत जवळ जाणारा 'चेफ' हा शब्द लॅटिनमधील 'तापवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. गारठलेले हात चोळून ऊब आणण्यापासून तो निघाला आणि चोळता चोळता जखमेपर्यंत, पुढे चिडीपर्यंत पोचला. मराठी काचाच्या अर्थांत ऊब कुठेच नाही.

घासण्याचे कूळ याहून गुंतागुंतीचे आहे. 'घासणे' हे संस्कृत 'घर्षण' ज्या धातूपासून झाले त्याच 'घृष्' या धातूकडून आले. तोंडात घालायचा 'घास' हा 'ग्रास' या शब्दाचा वारस. आणि जनावरांच्या चाऱ्याचा घास, जो देशावर 'लसूणघास' या नावात टिकून आहे, तो 'खाणे' या अर्थाच्या 'घस्' धातूचा. शहापूर-मुरबाडकडे जनावरांपुढे पडते ते गवत किंवा भाताचा पेंढा, त्यामुळे तिसरा घास या बाजूला फारसा फिरकला नाही. तीन उगमांचे पाणी एकाच उच्चारात मिसळावे हा योगायोग खरा, पण खाणे आणि घासणे यांची जवळीक मात्र योगायोगाची वाटत नाही, कारण इंग्रजीतल्या 'फ्रेट' या शब्दाचाही मूळ अर्थ 'खाऊन टाकणे' असा होता आणि नंतर तो झिजण्याला व मन कुरतडत राहण्याला लागला. मराठीतही नवी चप्पल घासत नाही, ती चावते.

याच घराण्यातला वाटणारा 'घसरणे' हा शब्द सर्वांत विचार करायला लावणारा आहे, कारण त्यात घर्षणाचा अभाव सांगितला जातो, आणि त्या अभावाचे भय काय असते हे समजण्यासाठी शहापूर तालुक्यातले कसारा स्थानक पाहावे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणारा थळ घाटातला लोहमार्ग 1865 मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याचा चढ 37 फुटांना 1 फूट इतका आहे, जो पायी चालणाऱ्याला जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकांनी शेकडो टन ओढणाऱ्या इंजिनाला तो भिंतीसारखा असतो. फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू रुळाला टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून तिथे काम करते ते स्थितिक घर्षण, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकू लागण्यापूर्वी त्यांना धरून ठेवणारे बल; चाक एकदा का जागच्या जागी गरगरू लागले की त्याची जागा गतिक घर्षण घेते, जे त्याहून दुबळे असते, आणि म्हणून सुटलेली पकड अधिकच सुटत जाते. यावर दोन उपाय योजले गेले आणि दोन्ही आजही चालू आहेत: कसाऱ्याला गाडीच्या मागे 'बँकर' नावाची जादा इंजिने जोडतात, जी घाट संपेपर्यंत गाडी ढकलतात, आणि इंजिनातील पेटीतून चाकापुढे रुळावर कोरडी वाळू सोडतात. सह्याद्रीच्या पावसात, धुक्यात, ओल्या रुळावर, विजेच्या एवढ्या मोठ्या यंत्राचे बळ अखेर मूठभर वाळूवर अवलंबून राहते, ही या घाटातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. घर्षणाला केवळ शक्तीचा अपव्यय मानणाऱ्या पाठ्यपुस्तकांत या वाळूला एक पान मिळायला हवे.

जात्याचेही तेच असते. नाचणी दळून दळून दगडाच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणा भरडला न जाता घरंगळत बाहेर पडतो, आणि मग जात्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने ठोकून दगड पुन्हा खडबडीत करून घ्यावा लागतो.

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, आणि तरीही चैत्र-वैशाखात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही. विहिरीच्या दगडी कठड्यावर पोहऱ्याच्या दोरांनी पाडलेल्या खाचा बोटभर खोल असतात, आणि तो दोर दगडाला जितका काचतो तितकाच तळहाताला काचतो. दगडावरची खूण राहते म्हणून ती दिसते. हंडे डोक्यावर चढवण्यापूर्वी बायका कापडाची चुंबळ करून ठेवतात, तीही काचच टाळण्यासाठी.

बैलाच्या मानेवरच्या काचाला मात्र मराठी वर्षात एक दिवस राखून ठेवलेला आहे. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण असते, तिलाच कुठे खांदशेकणी म्हणतात: जू उतरवलेले असते, बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकतात, आणि मग तुपात किंवा तेलात कालवलेली हळद, जिथे केस गेलेले असतात नेमकी त्या जागी, हाताने सावकाश चोळतात.