बारदान वजा जाता

वजन करायचं तर उभं राहायचं, अशी वजनकाट्यांची एक जुनी अट आहे. पूर्वी रेल्वे स्टेशनवर नाणं टाकलं की वजनाचं तिकीट आणि त्यावर भविष्य छापून मिळायचं; पण त्या यंत्रालाही चढायला पायरी होतीच. म्हणजे ज्याला उभं राहता येत नाही त्याला वजन नाही आणि भविष्यही नाही!

बसून वजन करण्याची पद्धत आपल्याकडे नाही असं नाही. तुलेत माणूस बसतोच. पण सोन्याची तुला १६७४ साली रायगडावर झाली ती महाराजांची. आणि गुळाची व्हायची तर नवसाचं पोर असावं लागतं. मी पडलो चाकाच्या खुर्चीतला पेन्शनर. गुळाचं म्हणाल तर साखर आधीच रक्तात पुरेशी आहे.

शेवटी कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातला, गोण्या तोलायचा सपाट काटा कामी आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी चहाच्या आधी, मुलगा फळी लावून मला खुर्चीसकट वर चढवतो. आकडा येतो ९६. घरी येऊन मी पलंगावर गेलो की तो रिकामी खुर्ची नेऊन तोलतो. ती १८. शेठ कानावरची पेन्सिल काढून म्हणतात, "बारदान वजा जाता ७८, काका!" मात्र बारदानावर नजर हवी. गादी, पिशवी दोन्ही वेळा तीच पाहिजे. मागच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि छत्री राहिली, तर मी फुकटचा दीड किलोनं जाड होतो.

"७८ म्हणजे फार नाही हो," असं शेजारी दवाखान्यातल्या तक्त्याच्या आधारानं सांगतात. तक्त्याला काय कळतंय? मणक्याला इजा झाली की पायांचे स्नायू झिजतात आणि पोटावर चरबी चढते. बेरीज तीच, माल बदललेला! शिवाय स्नायू कमी म्हणजे जळण कमी. पूर्वीच्याच तीन पोळ्या आता अंगी लागतात. म्हणून डॉक्टर पोटाला टेपही लावतात.

बरं, उपास करावा तर तेही नाही. बसून बसून कातडीला जखमा होतात, त्या टाळायला आणि भरायला प्रथिनं लागतात. तेव्हा डाळ-उसळ राहिली, तूप-साखर गेली. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण पेढेच आणतो! "बसूनच तर असता, दुसरं सुख काय?"

सुख आहे ना. पलंगावरून खुर्चीत जाताना अख्खा देह दोन हातांवर तोलावा लागतो. पायांचं काम खांद्यांनी अंगावर घेतलं. खांदे गेले तर तिसरी जोडी देवानं दिलेली नाही. मग ही पदर खोचून पुढे येते. साठी उलटली आहे तिची. बोलत काही नाही, फक्त उचलताना श्वास रोखते. तो किती वेळ रोखला, हा आमच्या घरातला खरा काटा. तिथे बारदान वजा जात नाही.

सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरलो. परवा ही म्हणाली, "आज तुमचे तुम्हीच गेलात की खुर्चीत!" शेठ मात्र धंद्याच्या माणसासारखे हळहळले, "माल घटला, काका."

म्हटलं, "मग भाव वाढवा!"