दर मुलामागे दोन मते

बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते आणि सातवीपासून मूल माध्यमिक शाळेत जाते. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत हा बदल चौथीनंतरच होतो. २०१० पासून या शहरात माध्यमिक शाळांचे मुख्यतः दोन प्रकार उरले आहेत: गिम्नाझियुम आणि एकात्म माध्यमिक शाळा. विद्यापीठाचे दार उघडणारी आबितूर ही परीक्षा दोन्ही मार्गांनी देता येते. सातवीचे वर्ग भरू लागले की थोड्याच दिवसांत पालकांना बोलावणे येते, ते 'एल्टर्नआबेंड'चे, म्हणजे पालकांच्या संध्याकाळचे.

मराठी माणसाच्या डोक्यात पालकसभा म्हटले की प्रगतिपुस्तक येते. बाईंसमोर रांग लावायची, मुलाबद्दलची तक्रार मान खाली घालून ऐकायची, सही करायची आणि घरी येऊन मुलाला धारेवर धरायचे. एल्टर्नआबेंडला यातले काहीच होत नाही. तिथे कोणाच्याही एकट्या मुलाबद्दल बोलणे हा शिष्टाचाराचा भंग मानतात. त्यासाठी वेगळा दिवस असतो आणि त्या दिवशी प्रत्येकाला मोजकी मिनिटे मिळतात. संध्याकाळच्या सभेत विषय वर्गाचे असतात: सहल कुठे न्यायची, तिला खर्च किती, वर्गनिधी कोणी सांभाळायचा, मोबाइलचे काय, गणिताचे तास सारखे का बुडतात. पालक मुलांच्याच बाकांवर बसतात. इतिवृत्त कोण लिहिणार, असे विचारले की वर्गात अचानक शांतता पसरते आणि सगळ्यांना आपापल्या पिशवीत काहीतरी शोधायचे असते. हे दृश्य मात्र पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत शोभले असते.

या सभेतले सर्वांत महत्त्वाचे काम निवडणुकीचे. बर्लिनच्या शालेय कायद्यानुसार नवे वर्ष सुरू झाल्यापासून महिन्याभरात प्रत्येक वर्गाच्या पालकांनी आपल्यातून दोन प्रतिनिधी निवडायचे असतात. दोघांचा दर्जा समान. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी उतरंड नाही. मतदानाचा नियम चमत्कारिक वाटेल इतका साधा आहे: मतदाराऐवजी मूल मोजतात आणि दर मुलामागे दोन मते धरतात. आई-वडील दोघे आले तर एकेक मत, एकच जण आला तर दोन्ही मते त्याची. घटस्फोटित, एकटी आई, रात्रपाळीचा बाप, कोणाच्याही घराचे पारडे हलके होत नाही. जुळ्यांच्या आई-वडिलांकडे अर्थातच चार मते जातात.

कायद्यातला शब्द नागरिक असा नसून संगोपनाचा हक्क असलेली व्यक्ती असा आहे, आणि परक्या माणसाच्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. भारतीय पासपोर्टवर बर्लिनमध्ये राहणाऱ्याला जर्मन संसदेसाठी मत नाही आणि शहराच्या विधानसभेसाठीही नाही. बारा जिल्ह्यांच्या स्थानिक निवडणुकीत युरोपीय संघाच्या नागरिकांना मत देता येते, भारतीयाला तेही नाही. जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करण्याची सोय केली. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट सोडायचा की नाही हा प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षे तसाच पडून असतो. तोवर मत देण्याची आणि निवडून येण्याची हक्काची एक जागा म्हणजे मुलाच्या वर्गाची खोली.

वर्गाचे प्रतिनिधी मिळून शाळेचे पालक प्रतिनिधी मंडळ होते. ते आपला अध्यक्ष निवडते, शिक्षकांच्या विषयवार बैठकांना सल्लागार प्रतिनिधी पाठवते, जिल्ह्याच्या पालक समितीवर माणसे देते. तिथून पुढे राज्याची समिती. वजन सर्वाधिक असते ते शाळा परिषदेला. तिच्यात मुख्याध्यापकांबरोबर चार शिक्षक, चार विद्यार्थी, चार पालक आणि शाळेबाहेरची एक व्यक्ती असते. शाळेचे नियम, गृहपाठाचे धोरण, शाळेच्या हाती असलेल्या पैशांचा वापर असे विषय तिच्यापुढे येतात. नव्या मुख्याध्यापकाच्या नेमणुकीतही तिचे म्हणणे विचारात घ्यावे लागते. पंधरा वर्षांचा विद्यार्थी आणि त्याच्या मित्राचे वडील एकाच टेबलाशी बसून मुख्याध्यापकांच्या प्रस्तावाविरुद्ध हात वर करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा कोणी राग धरत नाही, हे पचायला भारतीय पालकांना वेळ लागतो.

ही व्यवस्था कालपरवाची नाही. पहिले महायुद्ध हरल्यावर, राजेशाही कोसळल्यावर प्रशियाने १९१९ मध्ये शाळांत पालक मंडळे आणली आणि १९२० मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. त्या बर्लिनमध्ये चक्क पक्षांच्या आखाड्यात लढल्या गेल्या: शाळेत धर्मशिक्षण हवे म्हणणारे एका बाजूला, समाजवादी दुसऱ्या. नाझी राजवटीने ही निवडून आलेली मंडळे मोडीत काढली. युद्धानंतर शहर दोन तुकड्यांत गेले. पूर्व बर्लिनमध्येही पालकांची मंडळे होती, पण शाळेने कसे चालायचे हे सत्ताधारी पक्ष ठरवी आणि पालकांनी हातभार लावायचा असे.

आजच्या मंडळांपुढचे प्रश्न इतके तात्त्विक नसतात. बर्लिनच्या कित्येक शाळांत पालकांचा सर्वांत जुना झगडा स्वच्छतागृहांशी आहे. मुले दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण तिथे जावेसे वाटत नाही, ही तक्रार मुंबई-पुण्याच्या पालकांना ओळखीची वाटेल. तक्रार कुठे न्यायची हे मात्र शिकावे लागते. इमारत, गळके छप्पर, शौचालय हे जिल्ह्याकडे. शिक्षकांची भरती आणि अभ्यासक्रम राज्य सरकारकडे. चुकीच्या दारात गेलेले पत्र विनम्र उत्तरासह परत येते. जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि नव्या शाळांची उभारणी यांसाठी शहराने दहा वर्षांत साडेपाच अब्ज युरो खर्चण्याची योजना आखली. ती आखली जाण्यामागे पालकांनी वर्षानुवर्षे धरलेला नेटही होता.

पैशांची बाजू पूर्णपणे निराळी आहे. सरकारी शाळेला शुल्क नाही. माध्यमिक टप्प्यावर पुस्तकांसाठी वर्षाला कमाल १०० युरोंचा वाटा पालक उचलतात, आणि गरीब कुटुंबांना तोही माफ असतो. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांच्या पालक-शिक्षक संघाला मुख्य काम दिले ते शुल्कवाढ तपासण्याचे, आणि कार्यकारी समितीवर कोण जाणार याच्या चिठ्ठ्या काढतात, कारण तिथे जागा थोड्या आणि शाळेच्या मर्जीतली माणसे बसवण्याचा मोह मोठा. बर्लिनमध्ये शुल्काचा वादच नसल्यामुळे पालकांच्या मंडळाला इतर सगळ्या गोष्टींकडे बघायला उसंत मिळते. चिठ्ठ्या काढायची वेळ येत नाही. उलट उभे राहायला कोणी तयार होत नाही, हीच अडचण.

जास्तीचा पैसा उभा करते ती वेगळी संस्था, 'फ्योर्डरफेराइन', म्हणजे शाळेची सहायक मंडळी. सात सभासद जमले की अशी संस्था नोंदवता येते. तिला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. वाद्ये, नाटकाचे पडदे, रोबोटच्या स्पर्धेचा प्रवासखर्च, असे तिचे खर्च. तिचा हुकमी मार्ग म्हणजे केकची विक्री. मुक्तद्वार दिन हिवाळ्यात असतो, पुढच्या सातवीचे अर्ज भरण्याआधी, आणि त्या दिवशी शाळेच्या दारापाशी केकचे टेबल नसेल तर बर्लिनकरांना चुकल्याचुकल्यासारखे वाटते. घरून आणलेल्या प्रत्येक पदार्थाशेजारी त्यात काय काय आहे याची चिठ्ठी हवी: अंडी, दाणे, जिलेटिन. शंकरपाळे आणि नानकटाई इथे सहज खपतात, कारण ती बिस्किटांच्या नात्यातली. बेसनाच्या लाडवासाठी मात्र शेजारी उभे राहून थोडे समजावून सांगावे लागते.

शिक्षकांच्या भेटवस्तूंबाबत नव्या पालकांनी सावध राहिलेले बरे. गुरुपौर्णिमेला शाल-श्रीफळ देण्याची सवय इथे अंगाशी येऊ शकते. बर्लिनच्या एका शिक्षिकेने वर्ग संपताना मुलांनी आणि पालकांनी वर्गणी काढून दिलेली सुमारे २०० युरोंची छोटी मूर्ती स्वीकारली. भेटीची मर्यादा होती १० युरो. एका पालकानेच तक्रार केली आणि शिक्षिकेला ४००० युरो भरावे लागले. २०१५ च्या सुरुवातीला हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. सामान्य जर्मनांनाही ते अति वाटले. फुलांचा गुच्छ आणि मुलांनी सही केलेले कार्ड इतपत ठीक.

शाळेला पालकांची आणखी एक गरज पडते, ती त्यांच्या कामाच्या जागेची. नववी-दहावीच्या सुमारास मुलांना दोन-तीन आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करावे लागते: बेकरीत, दवाखान्यात, गॅरेजमध्ये, संगणक कंपनीत. जागा मुलाने स्वतः शोधायची, पण पालकांच्या ओळखी कामी येतातच. संगणक क्षेत्रातल्या भारतीय पालकांना इथे एकदम भाव येतो.

अडसर भाषेचा आहे आणि तो खोटा नाही. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात जर्मनच्या बी-वन पातळीपर्यंत पोचलेला माणूस बर्लिनच्या कचेरीत इंग्रजीवर दहा वर्षे काढतो, आणि एल्टर्नआबेंडला पालक एकमेकांचे बोलणे तोडत भांडू लागले की त्याला फक्त क्रियापदे ऐकू येतात, तीही वाक्य संपल्यावर. काही जण मुलालाच दुभाषा म्हणून आणतात. ते टाळावे, कारण विषय बहुधा त्याच्याच वर्गाचा असतो. दुभाषा हवा असल्यास शाळेला आधी कळवावे. सभेचे विषय पत्रात आधी येतात, ते शब्दकोश घेऊन वाचावेत. प्रतिनिधित्वासाठी अस्खलित जर्मनची अट कायद्यात कुठेही नाही आणि दोन प्रतिनिधींपैकी एक जर्मनभाषक असला की पत्रव्यवहाराची चिंता उरत नाही.

तरीही मराठी पालक केकच्या टेबलामागे जितके सापडतात, तितके शाळा परिषदेच्या टेबलापुढे सापडत नाहीत. निवडणूक शाळा सुरू झाल्यावर लगेच होते. त्या संध्याकाळी आई-वडिलांपैकी एकालाच सवड असली तरी जावे; दोन्ही मते त्याच्याच हातात असतात.