पानातून गड्ड्यात

तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवायचा प्रयोग शाळेत झाला होता. खोडातून लाल रेघा वर चढल्या आणि पाणी मुळाकडून पानाकडं जातं, एवढं मनात पक्कं बसलं. उलटी वाट मात्र वसमतकडच्या आमच्या हळदीच्या रानात कळली.

पौष-माघात पाला पिवळा पडू लागला की काढणीची घाई सुरू व्हायची. आबा थांबायचे. "पाल्यातलं गड्ड्यात उतरू दे," म्हणायचे. हिरवा पाला कापला की हळद पोसत नाही, वजन घटतं, हे त्यांनी काट्यावर पाहिलेलं होतं.

पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना अर्न्स्ट म्युंख या जर्मन शास्त्रज्ञानं १९३० साली मांडलेला सिद्धांत वाचला. पानातल्या रसवाहिन्यांत साखर भरली की त्या शेजारच्या जलवाहिन्यांतून पाणी ओढून घेतात, दाब वाढतो आणि तो दाब रसाला जिथं साखर साठते तिकडं ढकलतो. आबांचं 'उतरणं' ते हेच! पाणी वर चढवायला झाडात पंप नसतो. पानातून वाफ निघते आणि तीच जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा वर ओढते. जलवाहिन्यांच्या पेशी मेलेल्या, रसवाहिन्यांच्या जिवंत. हळदीचं वर दिसतं ते खोडही खरं नव्हे, ती पानांच्या तळांची गुंडाळी. खरं खोड मातीतला गड्डा.

आता तरुण शेतकरी फोनवर पिवळ्या पानांचे फोटो पाठवतात. मी आधी विचारतो, पिवळेपणा खालच्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह तसं सहजी हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते असतं, पण मुळांना घेता येत नाही. मग कोवळं पान पिवळं निघतं, शिरा तेवढ्या हिरव्या. तिथं युरिया ओतणं म्हणजे पैसा मातीत घालणं, आणि हे मला फार लागतं, कारण तो पैसा बहुधा उसनवारीचा असतो. फेरस सल्फेट फवारलं की तेच पान हिरवं होतं. पुढचं पान मात्र पुन्हा पिवळं उगवू शकतं, कारण मागच्या पानातलं लोह त्याच्यापर्यंत फारसं पोचत नाही. म्हणून एका फवारणीवर थांबू नका, नवं पान निघालं की ते बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.