निरंक अहवाल, बुजलेली विहीर

पेट्रोल पंपाच्या आवारातल्या निरीक्षण विहिरीचा अहवाल ‘निरंक’ आला की सगळ्यांना हायसे वाटते. भूजलाचे नमुने घेण्याच्या कामात मी मात्र आधी दोन आकडे मागतो: विहीर बांधली तेव्हा किती खोल होती आणि आज फीत कुठे टेकते. यात मीटर-दोन मीटरची तफावत असेल, तर तेवढा गाळ जाळीच्या पाइपात बसला आहे. बाहेरचे पाणी आत नीट येत नाही आणि प्रयोगशाळेत जाते ते पाइपात कोंडलेले शिळे पाणी. अहवाल खरा असतो, पण तो त्या पाइपाचा. जमिनीखालच्या पाण्याचा नव्हे.

शिवाय पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते पाण्यावर तरंगते. म्हणून जाळीचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असावा लागतो. आपल्या राज्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात, त्यामुळे ऑक्टोबरातली पातळी आणि मे महिन्यातली पातळी यांत कित्येक मीटरचे अंतर पडते. जाळी पावसाळी पातळीच्या खालीच संपली, तर तरंगणारा थर भरीव पाइपाबाहेर राहतो. ती उन्हाळी पातळीपर्यंत पोचत नसेल, तर विहीर कोरडी. पाणी खाली जाताना तेल खडकाच्या भेगांना चिकटून राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा विरघळू लागते. वर्षातून एकदा, सोयीच्या महिन्यात घेतलेल्या नमुन्यावर माझा विश्वास नसतो तो यामुळेच.

नमुना घेण्याची रीतही तितकीच नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिन या पेट्रोलमधल्या घटकाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे लाखभर लिटर पाण्यात एक ग्रॅम. बेंझिन हवेत पटकन उडते, म्हणून ४० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ, पाण्याचा फुगवटा दिसेपर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि टिचकी मारून बघायचे. आत बुडबुडा दिसला की ती बाद. शेजारी जनरेटर धडधडत असेल तर उलटीच गफलत होते, धुरातले बेंझिन नमुन्यात शिरते. म्हणून शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत नेऊन तीही तपासायला द्यावी.

यावर म्हटले जाते की टाकीची रोज डिप घेतली जाते, गळती असती तर साठ्यात कळली असती. मोठी गळती कळते. पण १० हजार लिटर पेट्रोलचे तापमान १० अंशांनी बदलले की आकारमान जवळपास शंभर लिटरने बदलते. हा हिशेब काटेकोर ठेवला नाही, तर बारीक पाझर त्यात सहज दडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भेगांच्या खडकात गळती कुठल्या वाटेने जाईल कोण सांगणार, मग एका विहिरीने काय सिद्ध होते? एकीने फारसे नाहीच, हे मला मान्य आहे. म्हणून पाण्याच्या उताराच्या बाजूला एकाहून अधिक विहिरी हव्यात आणि जवळच्या शेतातल्या विहिरींचे पाणीही पाहायला हवे. पण हा आक्षेप विहिरी वाढवा असे सांगतो, आहे ती बुजू द्या असे नाही. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. गळती झाली की जमिनीतले जिवाणू आधी ते फस्त करतात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझिनचे विघटन मागे पडते. ते जास्त काळ टिकून अधिक दूर जाऊ शकते.

खर्चाचे म्हणाल, तर गाळ उपसणे, झाकणाचे रबर बदलणे, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून तोंडाशी सिमेंटचा ओटा नीट ठेवणे, एवढीच ही देखभाल. नवी विहीर खोदण्याच्या मानाने ती किरकोळ आहे. अहवालाच्या पहिल्याच पानावर विहिरीची मूळ खोली, आजची खोली, पाण्याची पातळी आणि जाळीची वरची-खालची कड छापावी. बेंझिनचा आकडा त्याखाली.